तुम्ही विचारलंत म्हणून: टेक्निशियनचं काम चांगलं चाललं होतं, मग इंजिनिअर कशाला झालात?

हा प्रश्न मला तीन बाजूंनी येतो. जुने सहकारी विचारतात, "हातात कसब होतं, ओव्हरटाइम होता, सोडून गेलास कशाला?" नवी मुलं विचारतात, "सर, मीही करू का?" आणि आता ज्यांच्या शेजारी बसतो ते इंजिनिअर विचारतात, "आता बरं वाटत असेल ना?" या तिसऱ्या प्रश्नाचा मला जास्त राग येतो, कारण आधीचं वाईट होतं हे त्यात धरूनच चाललेलं असतं. वाईट नव्हतं. इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनचं, म्हणजे कारखान्यातली मोजमापाची आणि नियंत्रणाची उपकरणं नीट ठेवण्याचं, काम मी मनापासून केलं आणि आजही कुणी ते काम खालचं म्हटलं तर मी भांडतो. तोंडी विचारलं की काहीतरी अर्धवट बोलून सुटका करून घेत आलो, म्हणून एकदा लिहून टाकतो.

पगारासाठी गेलो नाही. नवखा इंजिनिअर म्हणून रुजू झालो तेव्हा शिफ्टचा भत्ता आणि ओव्हरटाइम गेल्यामुळे हातात आधीपेक्षा कमीच पडत होतं. मानासाठी गेलो का? नाही, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. मान हवा होता, पण तो माझ्या म्हणण्याला हवा होता. आणि हे मला एका बैठकीत कळलं.

एका फ्लो लूपचा, म्हणजे पाइपमधला प्रवाह मोजून त्याप्रमाणे वॉल्व्ह आपोआप हलवणाऱ्या साखळीचा, ट्रेंड (पडद्यावरचा आलेख) सतत वर-खाली होत होता. सेटपॉइंट, म्हणजे ठरवून दिलेला प्रवाह, जागच्या जागी, फ्लो मात्र कधी त्याच्या वर, कधी खाली. पुढची तापमानाची लूपही त्याच तालावर डोलायला लागली होती आणि माल ठरलेल्या प्रतीत बसत नव्हता. मी वॉल्व्हपाशी जाऊन उभा राहिलो होतो. कंट्रोल रूममधून आउटपुट (कंट्रोलरने वॉल्व्हला दिलेला हुकूम) चढत असल्याचं सांगत होते आणि स्टेम (वॉल्व्हचा दांडा) जागचा हलत नव्हता. मग एकदम हिसका देऊन पुढे जायचा आणि पुन्हा अडकायचा. योकवर, म्हणजे स्टेमभोवतीच्या चौकटीवर, हात ठेवला की तो हिसका तळव्याला जाणवायचा.

बैठकीत मी म्हटलं, "वॉल्व्ह चिकटतोय." मुख्य इंजिनिअरांनी विचारलं, "कशावरून?" त्यांच्या आवाजात तुच्छता नव्हती, हे मुद्दाम सांगतो. प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "हाताला कळतंय." ते म्हणाले, "बरं, बघू," आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. ठरलं असं की कंट्रोलरचा गेन, म्हणजे फरक दिसला की तो किती जोराने उत्तर देतो ते, निम्मा करायचा. तो बदलायला मलाच पाठवलं.

गेन निम्मा केल्यावर डोलणं संथ झालं. पडद्यावर तेवढ्याच वेळात कमी लाटा दिसायला लागल्या, त्यामुळे फरक पडल्यासारखं वाटलं आणि मुद्दा बंद झाला. लाटेची उंची जवळपास तेवढीच होती, ते कुणी पाहिलं नाही. मीही बोललो नाही, कारण बोलून काय होतं ते नुकतंच पाहिलं होतं. पुढच्या शटडाउनला वॉल्व्ह उघडला तेव्हा गळती थांबवण्यासाठी ग्लँड पॅकिंग (स्टेमभोवतीचं सील) इतकं आवळलेलं निघालं की स्टेमवर उभे ओरखडे उठले होते. अहवालात लिहिलं गेलं, "पॅकिंग बदलले." मी आधी काय म्हटलं होतं ते त्यात नव्हतं. कुणी खोडलं नव्हतं. लिहिलंच गेलं नव्हतं.

हे ऐकलं की लोक माझ्या बाजूने चिडतात. मीही पुष्कळ काळ चिडलेला होतो. पण टोचत राहिलं ते वेगळंच. "हाताला कळतंय" यापुढे माझ्याकडे दुसरं वाक्य नव्हतं. आणि ते वाक्य त्या खोलीतल्या पडद्यावर सगळा वेळ उमटत होतं! वॉल्व्ह अडकलेला असतो तेव्हा फ्लो सेटपॉइंटच्या खाली थबकून राहतो. फरक मिटत नाही म्हणून कंट्रोलरमधली इंटिग्रल क्रिया, म्हणजे उरलेला फरक साठवत जाणारा भाग, आउटपुट चढवत नेते. घर्षण मोडण्याइतका जोर साठला की वॉल्व्ह सुटतो, हवं त्यापेक्षा जास्त सरकतो, फ्लो सेटपॉइंटच्या वर जाऊन थांबतो, आणि सगळं उलट दिशेने सुरू होतं. म्हणून आउटपुटचा आलेख त्रिकोणी येतो आणि फ्लोचा चौकोनी. नुसतं ट्यूनिंग (कंट्रोलरच्या आकड्यांची जुळणी) बिघडलेलं असेल तर दोन्ही सहसा गोलसर असतात. गेन कमी केला तर जोर साठायला जास्त वेळ लागतो, एवढंच. लाट लांबते, जात नाही. तरी शंका उरली तर लूप मॅन्युअलवर घ्यायची, म्हणजे कंट्रोलर बाजूला ठेवून आउटपुट आपण हाताने द्यायचं. डोलणं थांबलं तर कारण लूपच्या आतलं. मग आउटपुट अर्धा-अर्धा टक्का सरकवत कितव्या पायरीला फ्लो हलतो ते पाहायचं.

या चाचणीला डिग्री लागत नाही, हे मी स्वतःच स्वतःला कितीदा सुनावलं आहे. आमच्यातल्याच कुणी शिकवलं असतं तर त्याच दिवशी करून दाखवली असती. पण ती तेव्हा सुचली नाही, आणि सुचली असती तरी तिचा अर्थ चार जणांपुढे उभं राहून मांडता आला असता का, याबद्दल माझी खात्री नाही.

म्हणून काम सांभाळून संध्याकाळच्या वर्गांना जायला लागलो. गणिताने फार छळलं. लाप्लास रूपांतर बोर्डावर आलं तेव्हा शेजारची पोरं लिहून मोकळी झाली आणि मी चिन्हांकडे बघत बसलो. पण काही दिवस असेही आले की वर्गातून बाहेर पडावंसं वाटू नये. ऑरिफिसवरच्या (पाइपमधल्या भोक असलेल्या चकतीवरच्या) डिफरन्शियल प्रेशर ट्रान्समीटरचं, म्हणजे चकतीच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजून कळवणाऱ्या उपकरणाचं, आउटपुट १२ मिलीअँपिअर, म्हणजे ४ ते २० च्या बरोबर मध्यावर असलं, की फ्लो ५० टक्के नसतो, ७०.७ टक्के असतो, हे मला पाठ होतं. दाबातला फरक फ्लोच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो म्हणून वर्गमूळ काढावं लागतं आणि ०.५ चं वर्गमूळ ०.७०७ येतं, हे बर्नुलीच्या समीकरणातून फळ्यावर उतरताना पाहिलं तेव्हा मला वाटलं, इतकी वर्षं उत्तर माझ्या खिशात होतं आणि प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

आणखी एक. १९२२ मध्ये इंजिनिअर निकोलस मिनॉर्स्की यांनी जहाज आपोआप दिशेवर ठेवण्याचं गणित मांडलं, ते सुकाणूवरचा माणूस काय करतो हे बघून. जहाज किती भरकटलंय एवढंच तो माणूस पाहत नाही. किती वेळ भरकटलेलं आहे आणि किती वेगाने वळतंय, हेही तो धरतो. आज आपण ज्याला पीआयडी (फरक, त्याचा साठा आणि त्याचा वेग या तिन्हींवर चालणारं नियंत्रण) म्हणतो त्याचं पहिलं नीट विश्लेषण तिथलं. हे ऐकलं तेव्हा मला भरून आलं होतं. त्या सुकाणूवाल्याचं नाव मी कुठल्याच पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही.

इंजिनिअरिंगच्या शिक्षणाच्या मान्यतेसाठी असे तीन आंतरराष्ट्रीय करार आहेत. वॉशिंग्टन करार १९८९ चा, इंजिनिअरांसाठी. सिडनी करार २००१ चा, या दोन्हींच्या मधल्या टेक्नॉलॉजिस्टसाठी. डब्लिन करार २००२ चा, टेक्निशियनांसाठी. त्यांच्या चौकटीत इंजिनिअरने गुंतागुंतीचे प्रश्न सोडवायचे आणि टेक्निशियनने नीट आखलेले, अशी विभागणी आहे. अभ्यासक्रम ठरवायला ती ठीक असेल. पण रात्रपाळीला बिघडलेला वॉल्व्ह नीट आखलेला प्रश्न बनून समोर येत नाही. तो आखावाच लागतो, आणि ते काम तिथे उभा असलेला माणूस करतो. हे मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं.

मग इंजिनिअर झाल्यावर बदललं काय? ड्रॉइंगवरची सही. टेक्निशियनच्या हातून काही राहिलं तर बहुतेक वेळा त्याच शिफ्टला कळतं. ड्रॉइंगमध्ये राहिलेलं वर्षानुवर्षं गप्प पडून राहतं. एकदा माझ्यासमोर एका सुरक्षा ट्रिपचं ड्रॉइंग आलं. तीन प्रेशर ट्रान्समीटर, त्यांतल्या दोघांनी धोका दाखवला की युनिट बंद. एक बिघडला तरी उगाच ट्रिप होत नाही आणि खरा धोकाही निसटत नाही, म्हणून तीनपैकी दोन. कागदावर चोख. पण तिन्हींच्या इम्पल्स लाइन (ट्रान्समीटरपर्यंत दाब नेणाऱ्या बारीक नळ्या) एकाच टॅपिंगवरून, म्हणजे दाब घेण्यासाठी पाडलेल्या एकाच छिद्रावरून, काढलेल्या होत्या. असली टॅपिंग गाळाने बुजलेली मी स्वतः सळई घालून मोकळी केली आहेत. ती बुजली की तिन्ही ट्रान्समीटर एकदमच जुना दाब दाखवत बसणार. मी सामाईक कारणाने होणाऱ्या बिघाडाचा हिशेब मांडला, सोबत टीप जोडली, आणि तीन वेगळी टॅपिंग मंजूर झाली. या वेळीही "कशावरून?" असं विचारलं गेलंच. फक्त उत्तर कागदावर होतं.

इथे माझं माझ्याशीच भांडण सुरू होतं. वॉल्व्हच्या वेळचा मी म्हणतो, "बघ, ज्ञान हाताचंच होतं. डिग्री नसती तर तुझी टीप कुणी वाचली असती?" मी म्हणतो, हिशेब होता म्हणून वाचली. तो म्हणतो, सहीखाली पद होतं म्हणून. दोघांपैकी कोण बरोबर ते मला अजून ठरवता आलेलं नाही. जुने सहकारी मी आत आलो की आवाज खाली करतात, तेव्हा तो जिंकतो. एखाद्या अवघड लूपचं मॉडेल जुळून येतं, तेव्हा मी.

म्हणून "करू का?" असं विचारणाऱ्या मुलांना मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. मला तो सल्ला द्यायचाच नाही. पण तुमच्या हाताला कळलेलं आणि बैठकीत सांगता न आलेलं असं काही असेल, तर त्याचा ट्रेंड घेऊन या. आउटपुट आणि फ्लो दोन्ही एकाच वेळेचे, आणि मॅन्युअलवर टाकून पाहिलं असेल तर तेही. त्यावर मी तुमच्याबरोबर हवा तितका वेळ बसेन.