माझी लेक म्हणे 'करून शिकणारी' आहे

गेल्या महिन्यात लेकीच्या शाळेत पालकभेट होती. बाईंनी एक गुलाबी कागद पुढे सरकवला. त्यावर चार रकाने: बघून, ऐकून, वाचून-लिहून, करून. शेवटच्या रकान्यात ठसठशीत खूण. "ही करून शिकणारी आहे. घरी पाढे वगैरे पाठ करून घेता का? तिच्या शैलीत ते बसत नाही." आवाज गोड होता, पण लागायचं ते लागलंच. म्हणजे रोज संध्याकाळी माझी जी खटपट चालते, ती पोरीच्या डोक्यावर अत्याचार?

आणि पोरगी तर बेरकी. दोनच दिवसांत गोष्टीचं पुस्तक बाजूला सारून म्हणाली, "आई, मी वाचून शिकणाऱ्यांतली नाहीये." वय वर्षं नऊ!

मग मी हट्टाने वाचत बसले. हे चार रकाने न्यूझीलंडचे शिक्षक नील फ्लेमिंग यांच्या 'वार्क' (VARK) नावाच्या नमुन्यातले, म्हणजे मूल कुठल्या शैलीत शिकतं ते ठरवणाऱ्या प्रश्नावलीतले, साधारण 1987 सालचे. तसे ते एकटे नाहीत. शिकण्याच्या शैलींचे असे तब्बल 71 नमुने 2004 सालच्या एका ब्रिटिश आढाव्यात मोजले होते. एकाहत्तर! पोराला नेमकं कुठल्या खणात टाकायचं?

खरा प्रश्न 2008 मध्ये चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विचारला. 'बघून' शिकणाऱ्यांपैकी निम्म्यांना चित्रांतून शिकवा, निम्म्यांना नुसतं बोलून. 'ऐकून' शिकणाऱ्यांचंही तसंच. शेवटी सगळ्यांची परीक्षा एकच. प्रत्येक जण आपापल्या शैलीत जास्त शिकला, तर मानू. असा नीट बेतलेला अभ्यास त्यांना फारसा सापडलाच नाही, आणि जे थोडे सापडले त्यांतले बरेच उलटच बोलत होते. मुलांना आवडीनिवडी असतात, हे कुणीच नाकारत नाही. पण आवडतं तसं शिकवलं की जास्त येतं, याला आधार नाही. आणि साधं बघा ना, नकाशा सगळ्यांनाच बघावा लागतो, उच्चार सगळ्यांनाच ऐकावा लागतो. कसं शिकायचं हे बरेचदा विषयच ठरवतो.

त्या रात्री मला आणखी एक घबाड मिळालं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा प्रयोग. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे, तेही चांगलेच. "पुस्तक मिट आणि सांग," हे बाबांचं वाक्य मला लख्ख ऐकू आलं. रात्री साडेअकराला नवऱ्याला उठवून म्हटलं, बघ! तो "बरं" म्हणून कुशीवर वळला.

खरं सांगायचं तर माझा विजय दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर थोडा फुटला. लेकीने मला मधूनच विचारलं, "सात आठे?" आणि मी मनात सात एके सातपासून धावत सुटले. ओठ हलताना तिने पाहिले. माझा पाढा चालीला चिकटलेला आहे, मधून उचलता येत नाही. सुरात म्हणणं आणि आठवून काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या वर्गात पहिलीच जास्त चालायची.

आता गंमत ऐका. गुलाबी कागदवाल्या याच बाई रोज सकाळी वर्गात एकेक कोरं कार्ड वाटतात. काल काय शिकलो ते वही न उघडता लिहायचं. गुण नाहीत, कार्ड गोळाही करत नाहीत. चुकलं तर स्वतःच खोडायचं आणि शेजारी बरोबर लिहायचं. आठवून काढण्याचा तोच सराव, तोही भीतीशिवाय! लेक हे मला कधीपासून सांगत होती, मी ऐकलंच नव्हतं. आम्ही चुकलो की उभे राहायचो आणि खालमानेने फरशी मोजायचो. त्यामुळे पुढच्या वेळी उत्तर येत असूनही हात वर जायचा नाही. बाईंच्या कार्डाला मी मनापासून हात जोडते. कागदाला नाही.

आता आम्ही घरीही कार्डं केली आहेत. सात आठे, तीन नवे, सहा चोक, सगळी पिसून. सलग पाढा म्हणण्यापेक्षा हे अवघड जातं, ती चिडते, मीही चिडते. पण चार दिवस मध्ये जाऊ देऊन तेच पत्ते पुन्हा काढले की निम्मे तरी झटकन येतात. तिची पाळी झाली की ती माझी घेते.

संध्याकाळचा सलग पाढाही मी बंद केलेला नाही. सवय म्हणा, हट्ट म्हणा. बाईंना अजून सांगितलेलं नाही.