थकव्याशी जुळवून घेताना

कोविड होऊन तीन महिने उलटले, तरी एक जिना चढला की दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नसे, आणि ‘हे मनाचे खेळ आहेत’ असे ऐकणे त्या थकव्याहून जड जाई. समुपदेशक ताईंनी मात्र पहिल्याच भेटीत सांगितले की आजार शरीराचाच आहे. समुपदेशन तो बरा करण्यासाठी नसून त्याच्यासह जगणे सुसह्य व्हावे म्हणून आहे. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ साली दीर्घ थकव्याच्या आजाराबाबत हीच भूमिका घेतली आणि ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार नाकारला. मी शक्ती मोजून वापरू लागले: भाजी बसून चिरायची, अंघोळीनंतर पडून राहायचे, बरे वाटणाऱ्या दिवशीही थांबायचे. हे शेवटचे सर्वांत कठीण, कारण थोडी ताकद येताच साचलेली कामे दिसू लागतात आणि अपराधीपणा दाटून येतो.