उलटा पावसाळा आणि ओळखीचा कातळ

मागच्या वर्षी बाबांचं इकडे यायचं ठरलं तेव्हा फोनवर ते म्हणाले, "धबधबे बघायचे तर ऑगस्टातच येतो, भरून वाहत असतील." चाळीस पावसाळे सह्याद्रीत भटकलेल्या माणसाचा हिशेब. चूक काहीच नव्हती, फक्त तो अमेरिकेतल्या आमच्या पोर्टलंडला लागू पडत नाही. इथे पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो आणि मे-जूनपर्यंत रेंगाळतो. मुसळधार असा क्वचितच, दिवसच्या दिवस नुसती भुरभुर. जुलै-ऑगस्ट मात्र कोरडे ठणठणीत. आपल्याकडे आषाढात डोंगर चिंब असतात, त्याच दिवसांत इथलं गवत वाळून काडीची वाट बघत असतं.

"मेमध्ये या बाबा," मी म्हटलं. आले. सामानात ट्रेकचे बूट सगळ्यात वर ठेवलेले. जेटलॅग उतरायच्या आत आम्ही गॉर्जमध्ये होतो.

कोलंबिया नदी कॅस्केड पर्वतरांग आरपार कापत पॅसिफिककडे जाते, ती दरी म्हणजे कोलंबिया रिव्हर गॉर्ज. लांबी सुमारे 130 किलोमीटर. नदीच्या दक्षिणेला आमचं ऑरेगन राज्य, उत्तरेला वॉशिंग्टन राज्य. पोर्टलंडमधून सकाळी निघालं की अर्ध्या-पाऊण तासात पहिला धबधबा समोर येतो आणि संध्याकाळी घरी येऊन धुणंसुद्धा लावता येतं. मुक्काम, तंबू, स्लीपिंग बॅग यातलं काहीही लागत नाही. नोकरी आणि शाळा सांभाळणाऱ्यांना आणखी काय हवं?

सुरुवात मी मुद्दाम लाटुरेलपासून केली. गाडी लावल्यापासून धबधब्याच्या पायथ्यापर्यंत जेमतेम दहा मिनिटं. सव्वादोनशे फुटांची एक सरळ धार, कड्याला न टेकता खाली येणारी. शेजारच्या कड्यावर पिवळ्याजर्द दगडफुलाचा मोठा डाग, आणि कडा म्हणजे उभ्या खांबांची रासच. बाबा धबधब्याकडे बघेनात. वाटेकडेच्या एका दगडावर त्यांनी हात ठेवला, अंगठ्याने घासून पाहिला आणि म्हणाले, "अगं, हा आपलाच कातळ!"

खरंच आपलाच. म्हणजे जातकुळी तीच. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला बराच तरुण, मुख्यतः दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचा. पण घडण सारखीच. ज्वालामुखीचा शंकू वगैरे नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून पातळ लाव्हा पुराच्या पाण्यासारखा पसरला आणि थरावर थर बसले. पूर्वेकडच्या भेगांमधून निघालेला काही लाव्हा शेकडो किलोमीटर वाहत पार पॅसिफिकपर्यंत पोचला. तो थंड होताना आक्रसला की उभे खांब तयार होतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर लाटुरेलचा कडा लगेच ओळखता येईल. फरक एवढाच, की इथे त्याच्या भोवती इमारती नाहीत आणि वरून पाणी पडतं.

मग बाबांचा दुसरा प्रश्न आला. पलीकडच्या काठावर एवढे धबधबे का दिसत नाहीत? मलाही हे पहिली दोन वर्षं माहीत नव्हतं. खडकाचे थर किंचित दक्षिणेकडे कललेले आहेत. त्यामुळे उत्तरेचे थर नदीकडे उतरतात, घसरतात, दरडी कोसळतात आणि तो काठ सौम्य होतो. आमच्या बाजूचे थर नदीपासून मागे झुकलेले, म्हणून कडे ताठ उभे राहिले. त्यात हिमयुगाच्या अखेरीस, साधारण पंधरा-अठरा हजार वर्षांपूर्वी, मोंटाना राज्यात बर्फाच्या बांधाआड साठलेलं अवाढव्य तळं पुन:पुन्हा फुटलं आणि ते पाणी याच दरीतून गेलं. दरीच्या कडा तासल्या गेल्या, छोट्या ओढ्यांची तोंडं अधांतरी राहिली. ते ओढे अजून तिथूनच उडी मारतात.

जे हार्लन ब्रेट्झ या भूगर्भशास्त्रज्ञाने 1923 मध्ये असा महापूर आला असला पाहिजे असं मांडलं, तेव्हा बहुतेक जाणकारांनी त्याला वेड्यात काढलं. 1979 मध्ये अमेरिकेतल्या भूगर्भशास्त्र्यांचं मानाचं पेनरोज पदक त्याला मिळालं, तेव्हा तो नव्वदी ओलांडून बराच पुढे गेला होता. बाबांना हा माणूस फार आवडला. पुढचे दोन दिवस जेवताना तोच विषय.

तिसऱ्या सहलीला वाकीना ते मल्टनोमा या दोन धबधब्यांची गोल फेरी केली. आठेक किलोमीटर, चढ साधारण सोळाशे फुटांचा. आपल्या हिशेबाने मध्यम. वाट इतकी नीट बांधलेली, की जिथे आपण सरळ घळीतून वर घुसलो असतो तिथे ही मंडळी आठ-दहा वळणं घेत आरामात चढवतात. बाबांना ते रुचेना. दोन वळणांच्या मधून थेट चढायला त्यांनी पाऊल टाकलंसुद्धा. मी ओढून मागे घेतलं. अशा आडवाटांनी माती सुटते, पाणी तिथून वाहू लागतं आणि खालची वाट वाहून जाते, म्हणून इथे त्याला सक्त मनाई आहे. "शिस्तीचा डोंगर आहे," असं पुटपुटत ते निघाले. पण खाली येणारे लोक थांबून चढणाऱ्याला आधी जाऊ देतात, हे मात्र त्यांनी घरी फोन करून सांगितलं.

मल्टनोमाला आम्ही वरून, मागच्या दाराने उतरलो. एकूण उंची 620 फूट, ऑरेगनमधला सर्वात उंच धबधबा. जमिनीखालच्या झऱ्यांचंही पाणी त्याला मिळतं, म्हणून तो बाराही महिने वाहतो. मधल्या 1914 च्या पुलावर फोटोसाठी कायम झुंबड. 1995 मध्ये वरच्या कड्यातून बसएवढा दगड खालच्या डोहात पडला आणि पुलावर फोटो काढत असलेलं लग्नाचं वऱ्हाड गारेगार भिजलं. सुदैवाने किरकोळ दुखापतींवर निभावलं. माझं प्रामाणिक मत: मल्टनोमा एकदा पाहावा, सकाळी आठच्या आत पाहावा आणि मग वाकीनाच्या वाटेवर पळ काढावा. मागच्या काही उन्हाळ्यांत तर तिथल्या हायवेलगतच्या पार्किंगसाठी दोन डॉलर भरून आधी वेळ राखून ठेवावी लागायची. त्यापेक्षा पोर्टलंडहून बस जाते, ती बरी.

त्या फेरीत काळे ठिक्कर पडलेले बुंधे सतत सोबत असतात. 2 सप्टेंबर 2017 ला, ऐन कोरड्या दिवसांत, पंधरा वर्षांच्या एका मुलाने ईगल क्रीकच्या दरीत पेटता फटाका फेकला. आग वणव्यासारखी नव्हे, वणवाच होऊन पसरली. दीडशेच्या आसपास लोक वाटेवर अडकले आणि त्यांना रात्र जंगलातच काढावी लागली. ठिणग्या वाऱ्याने नदी ओलांडून वॉशिंग्टनमध्ये गेल्या. जवळपास पन्नास हजार एकर क्षेत्र आगीच्या कचाट्यात सापडलं. कोर्टाने त्या मुलाला साडेतीन कोटी डॉलरहून जास्त भरपाईचा आदेश दिला. एवढे पैसे कोण भरणार, असं बाबांनी विचारलं. ते भरून निघावेत अशी अपेक्षा नव्हतीच. ठरावीक वर्षं नीट वागला, हप्ते भरले तर पुढचं थांबवायची सोय त्यात होती. मुळं जळाली की दगड धरून ठेवणारं कोणी उरत नाही, त्यामुळे आग विझल्यावरही कितीतरी वाटा वर्षानुवर्षं बंद होत्या. आता त्या काळ्या बुंध्यांच्या पायाशी मेपल आणि नेचे दाटून आलेत. ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं म्हणून फुलंही भरपूर. हे चांगलं झालं असं म्हणवत नाही, पण दिसतं सुंदर.

इथे येणाऱ्यांसाठी एकच सांगणं: जीन्स घालू नका. माझ्या पहिल्या नोव्हेंबरात मी घातली होती. सुती कापड भिजलं की वाळत नाही, अंगातली ऊब ओढून घेतं आणि त्या भुरभुरीत दोन तासांनी दात वाजायला लागतात. आपल्याकडचा पाऊस भिजवतो, इथला गारठवतो. आणि तीन-तीन पानांच्या झुडपाला हात लावू नका. पॉयझन ओक असेल तर पुढचे दोन आठवडे खाजवण्यात जातात.

परतायच्या आदल्या दिवशी बाबांना पुन्हा लाटुरेललाच जायचं होतं. तुषारांनी चष्मा भिजेपर्यंत ते पायथ्याशी उभे राहिले. निघताना त्यांच्या मुठीत सुपारीएवढा काळा खडा दिसला. मी सांगितलं, "बाबा, पार्कातून दगड न्यायचा नसतो."

त्यांनी तो होता तिथे ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "जाऊ दे. घरी ढिगाने पडलेत."