ओएसपीएफ डेटाबेस वाचताना आधी एज आणि सीक्वेन्स बघा

लेयर ३ (म्हणजे राउटरचंही काम करणाऱ्या) स्विचवर एखादं नेटवर्क मिळेनासं झालं की बहुतेक जण थेट 'शो आयपी राउट' मारतात. तिथे फक्त निकाल दिसतो. तो ज्या माहितीवरून काढला, ती ओएसपीएफच्या (राउटर आपसात नेटवर्कची माहिती वाटून मार्ग काढतात तो प्रोटोकॉल) लिंक स्टेट डेटाबेसमध्ये असते आणि एका एरियातल्या (ओएसपीएफ नेटवर्कच्या एका भागातल्या) सगळ्या स्विचवर ती तंतोतंत सारखी असावी लागते. खाली सिस्को पद्धतीच्या कमांड धरल्या आहेत.

'शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस' दिलं की प्रत्येक एलएसएची (राउटरने पाठवलेल्या माहितीच्या नोंदीची) एक ओळ येते. त्यात लिंक आयडीचा अर्थ टाइपनुसार बदलतो, आणि नवखे इथेच अडकतात. टाइप १ मध्ये तो राउटर आयडी असतो, टाइप २ मध्ये डीआरच्या (त्या नेटवर्कवर निवडलेल्या मुख्य राउटरच्या) इंटरफेसचा आयपी, तर टाइप ३ आणि ५ मध्ये नेटवर्कचा पत्ता. एलएसए कोणी काढला हे कळायला एडीव्ही राउटरचा रकाना बघायचा.

माझी नजर मात्र आधी एज आणि सीक्वेन्सवर जाते. एज म्हणजे एलएसएचं वय, ते सेकंदांत असतं. मूळ राउटर दर १८०० सेकंदांनी एलएसए ताजा करतो, ३६०० झाले की तो बाद. ताजे करायचे एलएसए स्विच गटागटाने पाठवतो, त्यामुळे १८०० च्या थोडं पुढे गेलेलं एज चालतं. २५०० दिसलं तर तो राउटर बहुधा गेलाय आणि मागे उरलीय ती जुनी नोंद.

सीक्वेन्स म्हणजे एलएसएच्या आवृत्तीचा आकडा; तो हेक्समध्ये ८००००००१ पासून सुरू होतो. समजा १०.०.०.३ च्या टाइप १ एलएसएचा सीक्वेन्स ८००००१४७ आहे. दहा मिनिटांनी परत बघा. तेवढाच किंवा एकने वाढलेला असेल तर ठीक. ८००००१५२ झाला असेल तर त्या स्विचची लिंक किंवा नेबर (ओएसपीएफने जोडलेला शेजारी राउटर) वरखाली होतोय. केबल, एसएफपी (पोर्टमधलं मॉड्यूल) आणि लॉग तिथेच तपासा. (रीबूटनंतर आकडा १ वर येईलच असं नाही. शेजाऱ्यांकडे जुना एलएसए शिल्लक असतो, राउटर त्याच्या पुढचा आकडा घेतो.) वाढ थांबतच नसेल आणि लिंक शांत असतील, तर दोन स्विचना एकच राउटर आयडी दिलाय का ते बघा. कॉन्फिग कॉपी-पेस्ट केल्यावर हे हमखास होतं: दोघे एकमेकांचा एलएसए खोडत बसतात.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे नेबर फुल (डेटाबेसची देवाणघेवाण पूर्ण), एलएसए हजर, पण राउट गायब. 'शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस राउटर १०.०.०.३' दिल्यावर 'ॲडव्ह राउटर इज नॉट-रीचेबल' असं दिसलं, तर लिंकच्या दोन्ही टोकांचा नेटवर्क टाइप जुळवा. एकीकडे पॉइंट-टू-पॉइंट, दुसरीकडे ब्रॉडकास्ट; हॅलो १० आणि डेड ४० दोन्हींत सारखेच, म्हणून नेबर जुळतो. पण एक टोक थेट शेजारी लिहितं, दुसरं डीआरचं नेटवर्क. एसपीएफला (डेटाबेसवरून मार्ग काढणाऱ्या हिशेबाला) दुतर्फा दुवा सापडत नाही आणि तो ती लिंक सोडून देतो.

याच आउटपुटमध्ये लिंकची संख्या इंटरफेसपेक्षा जास्त दिसली तर गोंधळू नका. आयपी दिलेली पॉइंट-टू-पॉइंट लिंक दोनदा येते: एकदा शेजारी म्हणून, एकदा स्टब नेटवर्क (त्या लिंकचं सबनेट) म्हणून.

नेबर एक्सस्टार्टलाच (डेटाबेसची देवाणघेवाण सुरू होण्याच्या पायरीलाच) अडकला असेल तर डेटाबेस भरणारच नाही. आधी एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. एकीकडे जम्बो फ्रेमसाठी ९०००, दुसरीकडे १५००, आणि साधा पिंग लहान असल्यामुळे छान जातो. 'आयपी ओएसपीएफ एमटीयू-इग्नोर' हा तात्पुरता जुगाड; एमटीयू दोन्हीकडे सारखा करा. डीआर किंवा बीडीआर (राखीव डीआर) नसलेले दोन स्विच आपसात टू-वेवर (फक्त ओळख झालेल्या पायरीवर) थांबतात, तो बिघाड नव्हे.

मेट्रिक (लिंकची कॉस्ट) सगळीकडे १ दिसत असेल तर रेफरन्स बँडविड्थ (जिला लिंकच्या वेगाने भागून कॉस्ट काढतात) मुळातली १०० एमबीपीएस आहे. १ जी आणि १० जी लिंक तिला सारख्याच. 'ऑटो-कॉस्ट रेफरन्स-बँडविड्थ १०००००' दिल्यावर १० जीची कॉस्ट १० आणि १ जीची १०० होते. हे एरियातल्या प्रत्येक स्विचवर एकाच मेंटेनन्स विंडोत करा, नाहीतर जाणारी आणि येणारी वाट वेगवेगळी होऊन बसेल.