पोटात रेघ असलेला डी

घानाच्या व्होल्टा भागातून आलेली तक्रार एवढीच होती: शोध चालत नाही. पाठवणारे गृहस्थ एवे भाषेत मुलांसाठी वाचनपाठ तयार करतात. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात मुक्त सॉफ्टवेअरच्या कीबोर्ड मांडण्या सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. शोध बिघडला की बोट आधी एडिटरकडेच, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रामकडेच जातं. पण त्यांनी सोबत फाइल जोडली होती, म्हणून उघडून बघितली.

एवेत दोन डी आहेत. साधा डी म्हणजे आपला द, शेपटीचा डी म्हणजे आपला ड. आपल्या कानाला हा फरक वेगळा समजवावा लागत नाही. घरी इंग्रजी बोलणाऱ्यांना समजवावा लागतो, हे मी पाहिलंय. 'डेवी' म्हणजे मूल. हा शब्द वाक्यात मध्येच आला तर शोधात सापडे, वाक्याच्या सुरुवातीला आला की गायब. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद करू नकोस असं सांगूनही.

सुरुवातीचं मोठं अक्षर उचलून त्याचा युनिकोड क्रमांक काढला, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला असतो तो स्वतंत्र क्रमांक. हवा होता एवेचा ०१८९, निघाला ००डी०, म्हणजे आइसलँडिकचं अक्षर. पुढच्या पाठात ०११०, ते क्रोएशियन आणि व्हिएतनामीचं. तिन्ही मोठी अक्षरं दिसायला सारखीच: डी आणि त्याच्या उभ्या दांड्यावर आडवी रेघ. लहान रूपं मात्र तीन तऱ्हांची. एवेच्या अक्षराला खाली शेपूट, क्रोएशियनच्या दांड्याला वर रेघ, आणि आइसलँडिकचं पाठीत वाकलेलं. शोध सगळं लहान करून जुळवतो, त्यामुळे आइसलँडिक मोठ्याचं लहान रूप आइसलँडिकच निघणार. एडिटरचं काहीच चुकत नव्हतं.

मग व्हिडिओ कॉलवर त्यांना एकेक बटण दाबायला लावलं. लिनक्सच्या मांडणीत डीच्या बटणावर चार मजले असतात: नुसतं, शिफ्टसह, ऑल्ट-जीआरसह (स्पेसबारच्या उजवीकडचं ऑल्ट) आणि दोन्हींसह. त्यांच्याकडची जुनी, कुणीतरी हाताने बनवलेली मांडणी लॅटिन लिपीच्या अनेक मांडण्यांसाठी असलेल्या सामायिक फाइलवर उभी होती. त्या फाइलीत डीच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आइसलँडिकची जोडी बसलेली असते. बनवणाऱ्याने तिसरा मजला बदलला, चौथा तसाच राहिला. पडद्यावर अक्षर बरोबर दिसतंय म्हटल्यावर कोण तपासणार! ०११०वाली अक्षरं कुठून आली? ऑल्ट-जीआर नसलेल्या लॅपटॉपवर ते चिन्हांच्या चौकटीतून दिसेल तो डी उचलत.

मांडणीची दुरुस्ती एका ओळीत झाली. खरा वेळ खाल्ला जुन्या पाठांनी. सरसकट 'बदला' म्हणून मोकळं व्हावं, तर भूगोलाच्या एका पाठात व्हिएतनामचं दा नांग शहर निघालं. तिथला ०११० बरोबरच होता आणि तो तसाच राहायला हवा होता. शेवटी आज्ञावलीने प्रत्येक जागा शब्दासकट यादीत काढली. गृहस्थ शब्द वाचत 'एवे' किंवा 'नाव' एवढंच सांगत, मी खूण करत जाई. हे काम यंत्राला द्यायचा मोह मला झाला होता, त्यांना नाही.

कॉल ठेवता ठेवता त्यांनी सीमेपलीकडच्या टोगोचं विचारलं. लोमेतले त्यांचे सहकारीही एवेतच लिहितात, पण फ्रेंच कीबोर्डवर. मी फ्रेंचची फाइल उघडली. तीही त्याच लॅटिन फाइलवर उभी होती, आणि डीच्या बटणाच्या वरच्या मजल्यांवर तीच आइसलँडिकची जोडी. तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी मांडणी लिहायला घेतली आहे.