पहिली फेरी ताट न घेता

अमेरिकेतल्या चायनीज बफेत शिरल्यावर मी लगेच ताट उचलत नाही. आधी रिकाम्या हातांनी सगळी टेबलं एकदा पाहून येते. पाच मिनिटं जातात, पण कुठला ट्रे आत्ता आलाय आणि कुठला तासाभरापासून पडून आहे ते कळतं. पदार्थ ऐंशी असोत की दीडशे, खाण्याजोगे त्या क्षणी दहा-बाराच असतात. ते ओळखता आले की बफे जमला.

दराची गोष्ट दारातच मिटवायची. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास दुपारचं जेवण साधारण 13 ते 16 डॉलर आणि रात्रीचं 18 ते 25 पडतं. रविवारी बऱ्याच ठिकाणी दिवसभर रात्रीचाच दर असतो. मुलांचा दर वयावर, क्वचित उंचीवर ठरतो. कोक-स्प्राइटचे दोन-तीन डॉलर वेगळे, पाणी फुकट. वाढपी नसला तरी पेयं आणणारं आणि उष्टी ताटं उचलणारं माणूस असतंच. त्याच्यासाठी 10 टक्के टिप ठेवते.

साडेतीन-चारच्या सुमारास दुपारचा बफे संपून रात्रीचा लागतो. सव्वातीनला दुपारच्या दरात शिरून रात्रीचे खेकडे खायची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते, मालकालाही. काही ठिकाणी चालवून घेतात, काही ठिकाणी फरक भरायला लावतात, म्हणून काउंटरवर सरळ विचारावं. तसाही अडीच ते साडेतीन हा सगळ्यात वाईट तास. गर्दी ओसरलेली असते, नवा घाणा कोणी काढत नाही, जुन्यावरच दिवस ढकलतात. मी दुपारी सव्वाबाराला किंवा संध्याकाळी साडेसहाला जाते. उठाव असेल तरच ट्रे बदलतात.

ताजा ट्रे कसा ओळखायचा? खालच्या गरम पाण्याच्या वाफेवर ट्रे तापता ठेवलेले असतात. गरम पदार्थ किमान 57 अंश सेल्सिअसला आणि थंड 5 अंशांच्या आत राहावेत, असा तिथल्या अन्नसुरक्षा संहितेचा दंडक आहे. त्यानं अन्न नासत नाही, पण कुरकुरीतपणा टिकत नाही. कॉर्नस्टार्चचं आवरण लावून तळलेलं चिकन गोड सॉसमध्ये घोळवलं की दहा-पंधरा मिनिटांत मऊ पडायला लागतं. मग कडांना सॉस आटून काळपट चिकट पट्टी दिसते आणि वर साय धरते. अशा ट्रेकडे बघायचंही नाही. ट्रे अर्धा भरलेला, सॉस पातळ आणि चकचकीत, कांद्याची पात हिरवीगार असेल तर घ्या. काठोकाठ भरलेला ट्रे दिसायला छान, पण त्यात वरचं ताजं आणि खालचं जुनं असू शकतं.

जनरल त्सो चिकन, म्हणजे तळून गोड-तिखट सॉसमध्ये घोळवलेलं चिकन, नव्या घाण्याचं असेल तर जरूर घ्यावं. पेंग चांग-क्वेई या हुनानच्या आचाऱ्यानं तैवानात 1950च्या दशकात ते पहिल्यांदा केलं. त्याच्या मूळ कृतीत साखर नव्हती. हा गोडवा अमेरिकेचा. आपल्या गाडीवरच्या चायनीजची सवय असेल तर इथलं सगळंच गुळमट लागणार, हे धरून चाला. मंचुरियन नाही, शेजवान चटणी नाही. तिखटासाठी टेबलावरची श्रीराचा, म्हणजे लाल मिरचीचा सॉस, नाहीतर चिनी पिवळी मोहरी. ती लोणच्यासाठी फेसलेल्या मोहरीसारखी थेट नाकात जाते. घासाच्या टोकाला लावण्यापुरती घ्या.

शाकाहारी माणसाची खरी परीक्षा हिरव्या भाज्यांच्या ट्रेशी होते. ब्रोकोली आणि फरसबी बघून हायसं वाटतं, पण सॉस बहुधा ऑयस्टरचा, म्हणजे कालवांचा असतो. हॉट अँड सोअर सूपमध्ये टोफू आणि मशरूम दिसतात, पण पाणी चिकनचं किंवा पोर्कचं असतं आणि अंडंही सोडलेलं असतं. एग रोलमध्ये कोबीबरोबर बारीक पोर्क असू शकतं. छोटा, पातळ आवरणाचा स्प्रिंग रोल बहुधा भाज्यांचा असतो, तरी विचारावं. फ्राइड राइसमध्ये अंडं असणारच. रंगीत थरथरत्या जेलीत जिलेटिन असतं. ‘व्हेजिटेरियन आहे का?’ असं विचारलं की मान हलते आणि उत्तर ‘येस’ येतं, कारण वर मांसाचा तुकडा दिसत नाही. त्यापेक्षा ‘यात ऑयस्टर सॉस आहे का? चिकनचं पाणी आहे का?’ असं नाव घेऊन विचारा. बीफ टाळणाऱ्यांनी ‘पेपर स्टेक’ नावाला फसू नये, ते बीफच. लाल कडेच्या गोडसर चकत्या पोर्कच्या. शिवाय चिमटे या ट्रेतून त्या ट्रेत फिरत असतात. कडक पाळणाऱ्यानं बफेच्या नादी न लागलेलं बरं.

थोडं चालवून घेणाऱ्यांना मात्र एक कोपरा हमखास तारतो. कच्च्या भाज्या आणि नूडल्स वाडग्यात भरून द्यायच्या, आणि आचारी मोठ्या तव्यावर समोर परतून देतो. काही ठिकाणी याला हिबाची म्हणतात, काही ठिकाणी मंगोलियन ग्रिल. मंगोलियाशी संबंध नावापुरताच, हा प्रकार 1951 साली तैपेईत सुरू झाला. वाडग्यात भाजी शीग लावून भरायची, कारण कोबी आणि मोड आलेले मूग परतल्यावर निम्मे होतात. नूडल्स मूठभरच. सॉस दोन-तीन डाव हवा. नवखे एकच डाव घालतात आणि मग अळणी लागलं म्हणतात. मी सोया सॉस, लसणाचं पाणी आणि तिखट तेल घेते. तवा सगळ्यांचा एकच असतो. आधी खरवडून पुसायला सांगितलं तर बहुतेक आचारी कुरकुर न करता पुसतात, पण रांग लागायच्या आधी सांगावं.

सुशी घ्यायची तर पहिल्या ताटात, आचारी समोर वळत असेल तेव्हा. भात कडक होऊन कडा पांढुरक्या दिसल्या की सोडून द्यायची. कॅलिफोर्निया रोलमधला लाल-पांढरा ‘खेकडा’ खेकडा नसतो. माशाचा लगदा, स्टार्च आणि अंड्याचा पांढरा भाग मिळून ती कांडी बनते. क्रॅब रंगून या तळलेल्या पुडीतही बहुधा तीच असते, क्रीम चीजमध्ये मिसळलेली.

खरा खेकडा रात्री येतो. लांब पायांचा हा स्नो क्रॅब शिजवूनच गोठवलेला असतो, इथं फक्त तापवतात. कुर्ल्या खाऊन वाढलेल्यांना तो फिका आणि खारट लागेल. मसाला नाही, फक्त वितळलेलं लोणी. पाय फोडत बसू नका. सांध्यापाशी उलटा वाकवून टचकन मोडायचा आणि हळू ओढायचा. मधली चिवट शीर बाहेर येते आणि मांस अख्खं निघतं. ओढताना तुटलं तर पाय फार वेळ वाफेवर राहिलाय असं समजा. ट्रे आला की झुंबड उडते. ताट भरून पळवणाऱ्यांशी स्पर्धा करू नये, पुढचा ट्रे येतोच.

दर फेरीला नवं ताट घ्यायचं. उष्टं ताट घेऊन पुन्हा वाढून घ्यायला त्याच अन्नसुरक्षा संहितेची मनाई आहे. प्रत्येक पदार्थ आधी दोन चमचेच घ्यावा. टाकलेल्या अन्नाचे जादा पैसे लावण्याची पाटी अनेक ठिकाणी असते. लो मेन (सॉसमध्ये परतलेल्या नूडल्स) आणि फ्राइड राइस शेवटाला, कारण ते स्वस्त असतात आणि पोट तेच भरतात. टेबलांच्या सुरुवातीला त्यांचे ट्रे उगाच नसतात.

गोडात माझी पसंती एकाच पदार्थाला. चिकट तांदळाच्या पिठाचा, बाहेरून तीळ लावून तळलेला गोळा, आत अझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण. गरम असेल तर दाबल्यावर किंचित आत जाऊन परत फुगतो, गार झालेला कडक लागतो. बाकी केकचे चौकोनी तुकडे चवीला सगळे सारखेच. डब्यातली लिची चालते. बिलाबरोबर फॉर्च्यून कुकी येते, ती मी खिशात टाकते.