चित्रकला येत नाही म्हणता? मग अंडीच रंगवा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या बैठकीत काचेच्या वाडग्यात रंगवलेली अंडी असतात. घरी आलेला मराठी पाहुणा त्यातलं एक उचलतो, नखाने हळूच खरवडून बघतो, आणि मी घरीच केलीत म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "आपल्याला नाही बुवा जमायचं, चित्रकलेच्या तासाला सर माझी वही लपवून ठेवायचे." नागपूरहून वहिनी व्हिडिओ कॉलवर हेच म्हणते, इथे जर्मनीत ड्रेस्डेनला गणपतीत भेटणाऱ्या मंडळींचंही हेच. चित्र काढता येत नसेल तर हे जमेल का?

जमेल. यात चित्र काढायचंच नसतं. वितळलेल्या मेणाचे ठसे उमटवायचे असतात (मेण लागलं तिथे रंग चढत नाही), आणि खरी परीक्षा असते ती मेण किती तापलंय हे ओळखण्याची.

मी करते ती पद्धत सोर्ब लोकांची. ड्रेस्डेनहून पूर्वेकडे गाडीने तासाभरात बाउत्सेन येतं. त्या भागात आणि उत्तरेला थेट ब्रांडेनबुर्गपर्यंत हा छोटा स्लाव्ह समाज राहतो, साठेक हजार माणसांचा. हजार वर्षांहून जास्त काळ जर्मनांच्या शेजारात राहून त्यांनी आपली भाषा टिकवली आहे. गावांच्या पाट्या दोन्ही भाषांत, बाउत्सेनच्या पाटीवर खाली 'बुदिशिन'. ईस्टरच्या रविवारी त्यांच्यातले कॅथलिक पुरुष काळे कोट आणि उंच टोप्या घालून, सजवलेल्या घोड्यांवर बसून, भजनं म्हणत शेजारच्या गावाला येशूच्या पुनरुत्थानाची वार्ता द्यायला जातात. पर्यटक त्या घोड्यांचे फोटो काढायला येतात. मी गुंतले ते त्याआधी बाउत्सेनच्या सोर्ब भवनात भरणाऱ्या अंड्यांच्या बाजारात. कारागीर टेबलं मांडून बसलेले असतात आणि तुमच्यासमोर काम करतात, कितीही वेळ उभं राहा, कोणी हटकत नाही. माझ्या एका सहकाऱ्याची आई तिथल्याच खेड्यातली. हात बसला तो तिच्या स्वयंपाकघरात.

हत्यारं बघितलीत तर हसाल. एका जुन्या चमच्याची दांडी वाकवून तो छोट्या मेणबत्तीवर टेकवलेला. त्यात मधमाशीच्या मेणाचा खडा. राजहंसाची पिसं, टोकाकडचे केस कात्रीने छाटून कुणाचा त्रिकोण केलेला, कुणाचा तिरका चौकोन. आणि काचेच्या डोक्याची टाचणी, पेन्सिलीच्या मागच्या रबरात खोचलेली. पीस मेणात बुडवायचं, अंड्यावर टेकवायचं, उचलायचं. झाला एक त्रिकोण. शेजारी दुसरा. टाचणीच्या डोक्याने ठिपका पडतो आणि टेकवून जरा ओढली तर थेंबाचा आकार येतो, टोकाकडे निमुळता होत गेलेला. असे थेंब गोल मांडले की सूर्य. त्रिकोणांची रांग म्हणजे लांडग्याचे दात, वाईटाला लांब ठेवणारे. छोटे त्रिकोण रचून मोठा त्रिकोण केला की ते मधाचं पोळं, म्हणजे कष्टाळूपणाची खूण. मला मात्र ती दातेरी रांग बघून भंडाऱ्याकडच्या कोशाच्या साडीचा करवतकाठच दिसला, आणि मग भीती गेली. काठ विणताना कोणी चित्र काढत नाही.

आता मेणाचं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, पण नुसतं वितळलेलं मेण कामाचं नाही. जेमतेम पातळ असेल तर अंड्याला लागताच गोठतं, पांढुरकी गाठ होऊन बसतं आणि रंगाच्या पाण्यात निखळून पडतं. जास्त तापलं तर पसरतं. त्रिकोणाचे कोपरे विरघळून नुसता डाग उरतो, आणि पिसाचं टोक जळून वळतं ते वेगळंच. चमच्यातून धूर दिसला की मेणबत्ती ताबडतोब बाजूला. बरोबर तापलेलं मेण ओळखायची खूण अशी, की ठसा उमटताक्षणी ओला आणि आरपार दिसतो, मग डोळ्यांदेखत त्याची चकाकी जाते. पीस चमच्यापासून अंड्यापर्यंत येईस्तोवरही थंड होतं, म्हणून चमचा आणि अंडं जवळजवळ हवं आणि हात रेंगाळायला नको. चित्रकला येणाऱ्यांची इथेच पंचाईत होते. ते थांबून विचार करतात, तेवढ्यात मेण गोठतं. ज्यांना पुरणपोळीचा तवा नुसता बघून कळतो, त्यांना हे पहिल्या दुपारी जमतं.

अंडंही खोलीच्या तापमानाला आलेलं हवं. फ्रिजमधून काढलेल्या अंड्याला घाम फुटतो आणि त्यावर मेण धरत नाही. हाताचं तेल हा दुसरा शत्रू: जिथे बोटं लागली तिथे रंग चढत नाही, आणि नेमका आपला अंगठा नक्षी म्हणून उमटतो. साबणाने हात धुवा, अंडं व्हिनेगरच्या पाण्याने हलकं पुसून घ्या. इथल्या अंड्यांवर लाल शाईचा शिक्का असतो, कोंबडी कशी पाळली ते सांगणारा आकडा, तोही व्हिनेगरनेच जातो. जोर लावू नका, व्हिनेगर कवचाचा चुना खातं.

रंगांचा क्रम उलटा असतो आणि इथे मात्र डोकं चालवावं लागतं. पांढऱ्या अंड्यावर पहिले ठसे उमटवले की तेवढी जागा शेवटपर्यंत पांढरी राहणार. मग अंडं पिवळ्यात बुडवायचं. वाळलं की जे पिवळं हवं त्यावर मेण. मग लाल, पुन्हा मेण, शेवटी गडद निळा किंवा काळा. फिक्याकडून गडदाकडे, परतीची वाट नाही. रंग गार हवा, फार तर कोमट. गरम पाण्यात बुडवलंत तर सगळी मेहनत वितळून वर तरंगेल. माझं मत विचाराल तर सुरुवातीला एकच रंग घ्या. पांढरं आणि गडद निळं, बस. सोर्ब अंड्यांतलीही मला सगळ्यात आवडतात ती दोन रंगांची.

शेवटच्या रंगातून काढलेलं अंडं दिसायला अगदी भिकार असतं: काळपट, मेणाने बरबटलेलं, कुठे काय आहे कळत नाही. ते पूर्ण वाळू द्यायचं आणि मेणबत्तीच्या ज्योतीच्या बाजूला धरायचं. वर धरलं तर काजळी बसते. मेण चकाकायला लागलं की मऊ कापडाने पुसायचं. एका पुसण्यात नखाएवढी नक्षी उघडी पडते. अंडं थोडं फिरवायचं, पुन्हा ज्योत, पुन्हा कापड. घाईने सगळं एकदम वितळवलंत तर रंगीत मेण पांढऱ्या ठशांवर फासलं जातं. सहकाऱ्याची आई सगळ्यात शेवटी डुकराच्या चरबीचा हात फिरवते, अंडं लखलखतं. मी खोबरेल तेलाचा एक थेंब घेते.

भारतात करणाऱ्यांना एक गोष्ट आयतीच मिळते. तिथे दुकानात पांढरी अंडी सहज मिळतात, इथे ईस्टरच्या तोंडावर पांढरं अंडं मिळवायला दोन दुकानं पालथी घालावी लागतात. राजहंसाचं पीस नसेल तर कोंबडीचं धुऊन वाळवून घ्या. तेही नसेल तर टाचणीच भरपूर झाली, ठिपके आणि थेंब यांवर अख्खं अंडं भरतं. रंगाला खाण्याचे रंग चालतात, कपभर पाण्यात चमचा-दोन चमचे व्हिनेगर घालून. मेणबत्ती आणि तापलेलं मेण आहे, तेव्हा लहान मुलांना एकटं सोडू नका.

मुलांसाठी मेणच नको, अंडी कांद्याच्या सालांत उकळा. वाटीभर सालं, पाणी, थोडं व्हिनेगर. पिवळ्या कांद्याच्या सालांनी नारिंगी-तांबूस रंग येतो, आपल्या लाल कांद्याच्या सालांनी जास्त गडद. उकळण्याआधी अंड्यावर कोथिंबिरीचं किंवा मेथीचं पान ओलं करून चिकटवा आणि जुन्या पायमोज्याच्या तुकड्यात घट्ट बांधा, पानाची फिकट छाप शिरांसकट उठते. गडद रंगवलेल्या अंड्यावर धारदार टोकाने खरवडून नक्षी काढायची पद्धतही सोर्बांकडे आहे. पण ते खरंच चित्र काढणं झालं, आणि चुकलं तर पुसता येत नाही. आम्लाने रंग खाऊन नक्षी काढणारेही आहेत. ते घरी करू नका.

इंटरनेटवर शोधलंत तर आधी युक्रेनची पिसांका समोर येईल. तीही मेणाचीच, २०२४ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. पण तिथे छोट्या नरसाळ्यासारख्या लेखणीतून मेणाची बारीक रेघ ओढतात, गोल पृष्ठभागावर, न थरथरता. बघायला मला ती फार आवडते. शिकायची सुरुवात तिथून केलीत तर मात्र सरांनी वही का लपवली ते आठवेल.

आवाज खाली करून विचारला जाणारा प्रश्नही आहे: आपल्यात ईस्टर नसताना हे कशाला? मला आवडतं म्हणून, याहून मोठं उत्तर माझ्याकडे नाही. अंडंच का, याचं एक साधं कारण असं की पूर्वी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात अंडी वर्ज्य होती. कोंबड्यांना उपवास ठाऊक नाही, त्या घालतच राहायच्या, आणि सणाला घरात अंडीच अंडी. सोर्बांकडे धर्मपिता आणि धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचे पालक म्हणून उभे राहणारे, मुलांना अशी रंगवलेली अंडी भेट देतात. वसईची माझी मैत्रीण हे ऐकून म्हणाली, "आमच्याकडे ईस्टरचं अंडं मार्झिपान नावाच्या मिठाईचं असतं, दुपारपर्यंत शिल्लक राहिलं तर शपथ."

राहिला टिकण्याचा प्रश्न. उकडलेलं अंडं फक्त सणापुरतं. खायचं असेल तर खायचेच रंग वापरा आणि वेळेत संपवा. वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर दोन्ही टोकांना भोक पाडून, आतलं फुंकून बाहेर काढून, पाण्याने धुऊन वाळवलेलं कवच घ्या. काही कारागीर कच्चं भरलेलं अंडं रंगवून आतलं आपोआप सुकू देतात. नागपूरच्या मे महिन्यात तसलं अंडं शोकेसमध्ये ठेवून बघायची माझी तरी छाती नाही. रिकामं अंडं रंगात तरंगतं, म्हणून भोकं मेणाने बुजवून ते चमच्याने दाबून धरावं लागतं. मेण काढताना मात्र भोकंच आधी मोकळी करा, नाहीतर आतली हवा तापून अंडं हातात फुटायचं. आणि आतलं बाहेर काढलेलं भांड्यात जमतंच, तेव्हा हा उद्योग ज्या दिवशी रात्री भुर्जी चालणार असेल त्याच दिवशी काढा.